मोजणें आणि खर्चणें : एका पत्त्यांच्या खेळांतील सवलतीचा इतिहास

पत्त्यांच्या ज्या खेळांत आपण लहानपणापासून वाढलों, त्यांत पानाला मान असतो, परंतु मोल नसतें. एक्का राजाहून मोठा, राजा राणीहून मोठा, आणि हुकमाची दुर्री प्रसंगीं सर्वांहून मोठी. परंतु हातांतला एक्का खालीं टाकण्यासाठीं कोणास कांहीं द्यावें लागत नाहीं. पाळी आली कीं पान टाकलें, झालें. शिवाय तीं बावन्न पानें सर्वांचीं सामाईक. कोणाच्या वांट्यास काय आलें हें पिसण्यावर अवलंबून, आणि डाव संपला कीं पुनः सर्व पानें एकत्र. १९९३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत निघालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ ह्या खेळानें ह्या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. पानें ज्याचीं त्यानें विकत घेऊन आणावयाचीं, आणि प्रत्येक पान खेळतांना त्याचें मोल द्यावयाचें. ह्या मोलांत सूट देण्याचे जे नियम पुढील पंचवीस-तीस वर्षांत निघाले, त्यांचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों. विषय पोरखेळाचा वाटेल. परंतु ज्यानें एकदां तरी घरखर्चाची वही लिहिली आहे त्याला तो परका वाटणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

ह्या खेळाचा जनक रिचर्ड गारफील्ड हा गणिती होता. १९९१ सालीं तो आपला एक पटावरचा खेळ घेऊन पीटर अ‍ॅडकिसन ह्याच्याकडे गेला. अ‍ॅडकिसनची ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ही संस्था तेव्हां अगदीं लहान होती, आणि पट, सोंगट्या, पेटी हा सारा सरंजाम छापण्याची तिची ऐपत नव्हती. त्यानें उलट मागणी केली कीं, खिशांत मावेल व दोन कार्यक्रमांमधल्या वेळांत आटोपेल असा कांहीं खेळ असल्यास सांगावा. त्या मागणीचें उत्तर म्हणजे हा खेळ. गणित्याच्या डोक्यांतून निघाल्यामुळें त्यांतील प्रत्येक पान एका समीकरणाचा तुकडा आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

समीकरणाची डावी बाजू अशी. खेळाडू आपला जोड घरूनच जुळवून आणतो. निदान साठ पानें, आणि साध्या जमिनी सोडल्या तर एका नांवाचीं पानें चारांहून अधिक नाहींत, असा पुढें रूढ झालेला नियम आहे. आरंभीं हातांत सात पानें येतात. जोडांतील कांहीं पानें जमिनीचीं असतात. दर पाळीस एकच जमीन मांडतां येते. मांडलेलें जमिनीचें पान आडवें केलें कीं त्यांतून ‘माना’ नांवाच्या मांत्रिक शक्तीचें एक माप मिळतें, आणि पुढच्या पाळीस तें पान पुनः उभें होतें. बाकीचीं पानें म्हणजे मंत्र, प्राणी आणि नाना प्रकारच्या यांत्रिक वस्तु. त्यांच्या उजव्या कोपऱ्यांत मोल छापलेलें असतें. ह्या मोलाचे दोन भाग पडतात : एक रंगबद्ध, म्हणजे पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा ह्या पांचांपैकीं नेमक्या त्याच रंगाच्या शक्तीनें फेडावयाचा; आणि दुसरा मोघम, जो कोणत्याहि शक्तीनें फिटतो. एवढी परिभाषा वाचकांनीं ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व इतिहास समजण्यास अडचण पडणार नाहीं.

आतां समीकरणाची उजवी बाजू. दर पाळीस एकच जमीन मिळते, ह्याचा अर्थ चार मापें मोलाचें पान सामान्यतः चौथ्या पाळीपूर्वीं येऊं शकत नाहीं, आणि सात मापांचें पान सातव्या पाळीपूर्वीं नाहीं. तेव्हां कोपऱ्यांतला आंकडा वरवर मोलाचा दिसला तरी वस्तुतः तो काळाचा आंकडा आहे. अमुक बळाचा प्राणी अमुक वेळेच्या आंत रणांगणावर दिसणार नाहीं, असें खेळ निर्माण करणाऱ्यांनीं दोन्ही खेळाडूंस दिलेलें तें वचन असतें. समोरचा खेळाडू ह्याच वचनावर विसंबून आपला जोड बांधतो. म्हणून मोलांत सूट देणें म्हणजे केवळ स्वस्ताई करणें नव्हे. एका बाजूस काळ बहाल करणें व दुसऱ्या बाजूस दिलेलें वचन मोडणें आहे. हें एकदां लक्षांत आलें म्हणजे एवढ्याशा सवलतीवरून एवढी रणें कां माजलीं ह्याचें नवल वाटत नाहीं.

गंमत अशी कीं, ह्या खेळांत सूट येण्यापूर्वीं कर आला. १९९३ च्या पहिल्याच छपाईंत ‘ग्लूम’ नांवाचें एक काळें पान होतें. तें मांडलें कीं पांढऱ्या मंत्रांचें मोल तीन मापांनीं वाढे. सवलत देणारीं पानें पुढल्या वर्षीं, म्हणजे १९९४ सालीं निघालीं, आणि तीं देणारा हात किती आंखडता होता हें पाहण्यासारखें आहे. ‘प्लेनर गेट’ ह्या पानानें प्राण्यांच्या मोलांत दोन मापांपर्यंत सूट मिळे, परंतु तें पान मांडण्यासच सहा मापें लागत. म्हणजे तीन प्राणी खेळेपर्यंत खेळाडू तोट्यांतच. ‘स्टोन कॅलेंडर’ हें पांच मापांचें पान, आणि त्याची सूट दर मंत्रास एक माप. पांच मंत्र झाल्यावर कोठें बरोबरी. तोंपर्यंत बहुधा डावच संपून जाई. सावकारानें कर्ज देतांना तारण मागावें त्याप्रमाणें हा व्यवहार होता. ह्या पानांनीं कोणाचें भलें झालें नाहीं तसें वाईटहि झालें नाहीं, आणि म्हणूनच त्यांची आठवण आज फारशी कोणी काढीत नाहीं.

१९९७ सालीं हा हात सैल झाला. त्या वर्षीं ‘हेल्म ऑफ अवेकनिंग’ हें दोन मापांचें पान निघालें. तें सर्वांचेच मंत्र एका मापानें स्वस्त करी, अगदीं प्रतिपक्षाचेहि. त्याच वर्षाच्या ‘टेंपेस्ट’ संचांत पांच रंगांचीं पांच पदकें आलीं : ‘जेट मेडॅलियन’ काळ्यासाठीं, ‘सफायर’ निळ्यासाठीं, अशा रीतीनें. प्रत्येकाचें मोल दोन, आणि प्रत्येक आपल्या रंगाच्या मंत्रावर एक माप सूट देई, तीहि फक्त आपल्या धन्यास. दोन मंत्रांत भांडवल वसूल, तिसऱ्यापासून निव्वळ नफा. एकेक मापाची ही किरकोळ सूट अनुभवी खेळाडूंच्या हातांत किती धारदार होते, हें लौकरच दिसूं लागलें. कारण एकाच पाळींत आठ-दहा स्वस्त मंत्र एकामागून एक म्हणणारे जोड बांधले जाऊं लागले, आणि अशा जोडांत एक माप सूट म्हणजे आठ-दहा मापांची सूट होते.

येथें सवलतीच्या गणिताची रीति सांगणें अवश्य आहे, कारण सामान्य माणूस जी वजाबाकी मनांत करतो ती ही नव्हे. नियम असा कीं, प्रथम पानावरील छापील मोल घ्यावें. त्यांत सर्व वाढी मिळवाव्या. त्यानंतरच सर्व सवलती वजा कराव्या. सवलती अनेक असल्यास खेळाडूनें आपल्या सोयीच्या क्रमानें त्या लावाव्या. आणि वजाबाकी शून्याखालीं जाऊं देऊं नये. मोघम सूट मोघम भागांतूनच वजा होते, रंगबद्ध भागाला ती शिवत नाहीं. बाकी निघेल ती रक्कम तेथेंच कायम झाली. मग जमिनी आडव्या करून शक्ति काढावी व भरणा करावा.

वाढ आधीं व सूट नंतर ह्या क्रमांत विशेष काय, असें कोणी विचारील. एक उदाहरण घेऊं. ‘डार्क रिच्युअल’ हा मंत्र काळ्या शक्तीच्या एकाच मापाचा. त्यांत मोघम भाग मुळींच नाहीं. समोर ‘जेट मेडॅलियन’ असलें तरी ह्या मंत्रास सूट मिळत नाहीं, कारण वजा कशांतून करणार? आतां प्रतिपक्षानें ‘स्फिअर ऑफ रेझिस्टन्स’ हें १९९८ चें पान मांडलें, जें प्रत्येक मंत्राचें मोल एका मोघम मापानें वाढवितें. सूट आधीं काढली असती तर ती वायां जाऊन मंत्र दोन मापांस पडला असता. परंतु नियमाप्रमाणें वाढ आधीं होते. तिनें जो मोघम भाग उत्पन्न केला तोच पदक खाऊन टाकतें, आणि मंत्र पूर्ववत् एका मापास मिळतो. म्हणजे जें पदक आजवर निरुपयोगी होतें, तें शत्रूनें कर बसवितांच उपयोगी पडलें. ज्यानें हा क्रम ठरविला त्यानें सवलतीच्या बाजूला झुकतें माप दिलें, असें आमचें मत आहे. मात्र क्रम कोणता तरी ठरविणें भागच होतें, आणि उलट क्रमानें ह्या पदकांचा अर्धा अर्थ गेला असता.

सवलतीचें दुसरें रूप म्हणजे परतावा. १९९८ च्या ऑक्टोबरमध्यें निघालेल्या ‘उर्झाज् सागा’ व तिच्या पुढील संचांत असे मंत्र आले कीं, खेळाडूनें पूर्ण मोल द्यावें आणि मंत्र सफळ झाल्यावर तितक्याच जमिनी पुनः उभ्या कराव्या. ‘फ्रँटिक सर्च’ला तीन मापें द्यावयाचीं व तीन जमिनी परत उभ्या करावयाच्या, दिलें तितकें मिळालें, मंत्र फुकट. कागदावर हा हिशेब चोख दिसतो. परंतु परत मिळत होत्या त्या जमिनी, मापें नव्हेत. आणि सर्व जमिनी सारख्या नसतात. त्याच संचांतील ‘टोलेरियन अ‍ॅकॅडमी’ ही जमीन खेळाडूपाशीं जितक्या यांत्रिक वस्तु असतील तितकीं मापें एकदम देत असे. पांच वस्तु मांडलेल्या असतील तर ती एक जमीन व दोन साध्या जमिनी उभ्या झाल्यानें सात मापें हातीं येतात. दिलीं होतीं तीन. मंत्र फुकट तर मिळालाच, वर चार मापें दक्षिणा. त्या हिंवाळ्यांतले डाव इतक्या झटपट संपूं लागले कीं, १९९८ संपतां संपतां ह्या जमिनीवर बंदी जाहीर झाली. हा धडा मोठा होता : सूट ज्या वस्तूंत मोजली तिचें मूल्य पुढें बदलतां येत असेल, तर सूट देणाराला ती किती दिली हेंच ठाऊक नसतें.

धडा मिळाला, पण तो पांच वर्षांनीं निराळ्या वेषांत पुनः शिकावा लागला, आणि ह्या खेपेस फी फार जबर बसली. २००३ च्या ऑक्टोबरमध्यें ‘मिरोडिन’ हा संच निघाला. त्याचा मुख्य योजक मार्क रोझवॉटर; पदकांचा ‘टेंपेस्ट’ संचहि त्याच्याच नेतृत्वाखालीं झाला होता. मिरोडिन ही धातूची सृष्टि. तिच्यांत यांत्रिक वस्तूंचें राज्य असावें हें ओघानेंच आलें. त्यासाठीं ‘अ‍ॅफिनिटी’ म्हणजे सजातीयांची ओढ नांवाचा एक गुण कांहीं पानांस देण्यांत आला. अर्थ सोपा : खेळाडूपाशीं जितक्या यांत्रिक वस्तु मांडलेल्या असतील तितकीं मापें ह्या पानाच्या मोलांतून वजा. ‘फ्रॉगमाइट’ हा चार मापांचा लहान यांत्रिक प्राणी. ‘मिर एन्फोर्सर’ हा सात मापांचा धिप्पाड. ‘थॉटकास्ट’ हा पांच मापांचा मंत्र, पैकीं एक माप निळें. तिघांनाहि हा गुण होता.

एवढ्यानेंहि कदाचित् निभावलें असतें. परंतु त्याच संचांत पांच रंगांच्या पांच जमिनी अशा छापल्या गेल्या कीं ज्या जमीन असून शिवाय यांत्रिक वस्तुहि होत्या : ‘एन्शंट डेन’, ‘सीट ऑफ द सायनॉड’, ‘व्हॉल्ट ऑफ व्हिस्पर्स’, ‘ग्रेट फर्नेस’ आणि ‘ट्री ऑफ टेल्स’. फेब्रुवारी २००४ मध्यें सहावी ‘डार्कस्टील सिटॅडेल’ त्यांत आली. ह्यांतील प्रत्येक जमीन एकीकडे मोल फेडण्यास एक माप देते आणि दुसरीकडे त्याच मोलांतून एक माप कमी करते. जणूं एकच नोट दुकानदारास दाखवून आधीं सूट मिळवावी आणि मग तीच नोट त्याच्या हातांत ठेवून बिल भागवावें!

हिशेब मांडूनच पाहूं. खेळाडूच्या हातांत आरंभींचीं सात पानें आलीं, आणि तीं नेमकीं तीन यांत्रिक जमिनी, दोन फ्रॉगमाइट व दोन मिर एन्फोर्सर अशीं निघालीं असें समजा. पहिल्या पाळींत एक जमीन. दुसऱ्या पाळींत दुसरी. आतां दोन वस्तु झाल्या, म्हणून फ्रॉगमाइटचें मोल चारांतून दोन वजा जाऊन दोन राहिलें, आणि दोन जमिनींनीं तें फेडलें. आतां वस्तु तीन, कारण फ्रॉगमाइट स्वतःहि यांत्रिक वस्तूच आहे. तिसऱ्या पाळींत तिसरी जमीन, वस्तु चार. दुसऱ्या फ्रॉगमाइटचें मोल चार वजा चार, म्हणजे शून्य. तो फुकट आला. वस्तु पांच. पहिला एन्फोर्सर सात वजा पांच, म्हणजे दोन मापांस आला. वस्तु सहा. दुसरा एन्फोर्सर सात वजा सहा, म्हणजे एका मापास. तिन्ही जमिनी संपल्या, हातांतील सातहि पानें संपलीं, आणि अठरा मापांचे तीन प्राणी त्या एका पाळींत तीन मापांत रणांगणावर उभे राहिले. ज्याच्या कोपऱ्यांत सात हा आंकडा छापलेला आहे, असे दोन प्राणी तिसऱ्या पाळीस! समोरच्या खेळाडूनें त्या आंकड्यावर विसंबून सातव्या पाळीची तयारी चालविली असेल, तर त्याची चूक काय?

हींच सात पानें हातीं येणें विरळा, हें आम्ही जाणतों. परंतु खेळाडू जोड घरीं जुळवितो, ही ह्या खेळाची मूळ खुबी येथें लक्षांत घेतली पाहिजे. साठ पानांत जवळजवळ प्रत्येक पान यांत्रिक वस्तूच असावें अशी रचना केली कीं, कोणतींहि सात आलीं तरी हिशेब थोड्या-फार फरकानें असाच निघतो. सवलतीची करामत डावांत घडत नव्हती. ती डाव मांडण्यापूर्वींच घरीं टेबलावर घडून चुकलेली असे.

ह्यांत नियमाचा एक बारकावा भर घालीत होता. मोलाची बाकी एकदां कायम झाली कीं मग शक्ति काढावयाची, असें वर सांगितलें आहे. आतां ‘लोटस पेटल’ ही फुकट मांडतां येणारी वस्तु पाहा. ती नष्ट केली असतां एक माप मिळतें. खेळाडूनें आधीं तिची गणना करून सूट घ्यावी, बाकी कायम करावी, आणि मग तीच वस्तु नष्ट करून त्या बाकीपैकीं एक माप फेडावें, हें नियमानें सर्वथा कायदेशीर आहे. हजेरी घेतांना ती हजर होती. हजेरीनंतर ती राहिलीच पाहिजे असें कोठें लिहिलेलें नाहीं.

पुढें ‘आर्कबाउंड रॅव्हेजर’ हा वस्तु गिळून पुष्ट होणारा प्राणी आणि प्रत्येक वस्तूच्या नाशागणिक प्रतिपक्षाचें रक्त आटविणारा ‘डिसायपल ऑफ द व्हॉल्ट’ ह्यांची जोडी ह्या जोडास मिळाली, आणि सामन्यांत दोनच पक्ष उरले : एक हा जोड खेळणारांचा, दुसरा ह्या जोडास मारण्यापुरताच जोड बांधणारांचा. ज्याला तिसरेंच कांहीं खेळावयाचें होतें, ज्यानें आपल्या आवडीचा अजस्र सर्प किंवा देवदूत सांभाळून ठेवला होता, त्याला जागाच राहिली नाहीं. २० मार्च २००५ पासून ‘स्टँडर्ड’ ह्या मुख्य पद्धतींत एकदम आठ पानांवर बंदी आली. हीं पानें लोकांनीं पैसे मोजून घेतलेलीं होतीं. आणि आठांपैकीं सात तर सामान्य, म्हणजे पुडक्यांत सहज सांपडणाऱ्या प्रतीचीं होतीं, ज्यांवर खाऊच्या पैशांतून जोड जुळविणाऱ्या पोरांचीच मदार असते. वचन मोडल्याचा भुर्दंड प्रथम समोरच्यानें भरला. बंदीच्या दिवशीं तो ज्यांनीं तीं पानें निष्ठेनें जमविलीं त्यांच्यावर आला.

तीं आठ पानें कोणतीं, हा भाग आम्हांस सर्वांत बोधक वाटतो. सहा यांत्रिक जमिनी, रॅव्हेजर व डिसायपल. फ्रॉगमाइट, एन्फोर्सर किंवा थॉटकास्ट त्यांत नाहींत! ज्यांच्या अंगावर सवलतीचा नियम छापलेला होता तीं पानें मोकळीं राहिलीं, आणि शिक्षा झाली ती ज्यांच्यामुळें सवलत फुकटांत भरे त्या जमिनींना. हा निवाडा योग्य होता असें आम्ही समजतों. जमिनी काढून घेतल्या म्हणजे वस्तु जमविण्यास पानें, पाळ्या आणि मापें खर्चावीं लागतात; मग फ्रॉगमाइटची सूट ही कष्टानें मिळविलेली सूट होते, आणि तशी सूट कोणास खुपत नाहीं.

मोजण्याचा नियम आपल्या ठिकाणीं तसाच राहून नुसता काळ पालटल्यानें विषारी होतो, ह्याचाहि दाखला ह्या इतिहासांत आहे. २०१० सालीं ‘आय ऑफ उगिन’ नांवाची एक जमीन निघाली. ती स्वतः शक्तीचें एकहि माप देत नसे. परंतु ‘एल्ड्राझी’ जातीच्या रंगहीन राक्षसांस दोन मापें सूट देई. त्या वेळचे एल्ड्राझी म्हणजे दहा-दहा, पंधरा-पंधरा मापांचे डोंगर. पंधरांत दोन कमी म्हणजे हत्तीच्या खाद्यांतून मूठभर काढण्यासारखें. सहा वर्षें ती जमीन निमूटपणें पडून होती. २०१६ च्या जानेवारींत ‘ओथ ऑफ द गेटवॉच’ संचांत त्याच जातीचीं लहान पोरें आलीं. ‘एल्ड्राझी मिमिक’ दोन मापांचा. दोन वजा दोन, शून्य. पहिल्याच पाळींत ही एकच जमीन मांडून, हातांत असतील तितके मिमिक फुकट उतरवितां येऊं लागले. जमीन शक्ति देत नाहीं म्हणावें, तर एका पाळींत तिनें सहा-आठ मापांचें काम केलेलें असे. पुढच्याच महिन्यांत अटलांटा येथें झालेल्या मोठ्या सामन्यांत शेवटच्या आठ खेळाडूंपैकीं सहांचे जोड एल्ड्राझींचे होते, आणि एप्रिलमध्यें जमिनीवर बंदी आली. सूट दोनच मापांची होती, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. ज्यांतून ती वजा होते तो आंकडा मात्र पंधरावरून दोनावर आला होता.

तेव्हां मग सूट द्यावी कशी? ह्या प्रश्नाचें उत्तर शब्दांच्या एका बारीक फरकांत सांपडलें, आणि तो फरक सवलतीच्या दोन जुन्या गुणांवर प्रथम लागू झाला. २००५ च्या ‘रॅव्हनिका’ संचांत ‘कन्व्होक’ नांवाचा गुण होता : मंत्र म्हणतांना आपले प्राणी आडवे करावे, दर प्राण्यामागें मोल एकानें कमी. २००७ च्या ‘फ्यूचर साइट’मध्यें ‘डेल्व्ह’ आला : आपल्या टाकलेल्या पानांच्या ढिगांतून पानें कायमचीं बाहेर काढावीं, दर पानामागें मोल एकानें कमी. ह्या दोहोंचे शब्द २०१४ सालीं बदलले. ‘मोल कमी होतें’ हा पाठ जाऊन ‘आडवा केलेला प्राणी’ किंवा ‘काढलेलें पान एक माप फेडतें’ असा पाठ आला. कमी होणें आणि फेडलें जाणें ह्यांत खेळाडूच्या खिशाला फरक दिसत नाहीं. हिशेबाच्या वहींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘ट्रिनिस्फिअर’ हें २००४ चें पान घ्या. तीन मापांहून स्वस्त पडणारा कोणताहि मंत्र तीन मापांस पडावा, असा त्याचा दंडक. आणि तो सर्व सवलती वजा झाल्यावर लावावयाचा. जुन्या पाठाप्रमाणें आठ मापांचा मंत्र सात पानें काढून एका मापावर आणला, तर हा दंडक त्याला पुनः तिनावर ओढी. नव्या पाठांत मंत्राचें मोल आठच राहतें, सात मापें पानांनीं फेडलेलीं असतात, आणि दंडकास कांहीं म्हणावयास जागाच उरत नाहीं. म्हणजे ज्या सवलतीला आपण आजवर सवलत म्हणत होतों, तो वस्तुतः निराळ्या नाण्यांतला रोख भरणाच होता, अशी ही कबुली झाली.

नुसत्या शब्दानें सर्व सुधारलें असें मात्र झालें नाहीं. त्याच २०१४ सालच्या ‘खान्स ऑफ तार्किर’ संचांत ‘ट्रेझर क्रूझ’ हा डेल्व्हचा मंत्र निघाला : मोल आठ मापें, पैकीं एक निळें, फळ, तीन नवीं पानें. १९९३ च्या पहिल्या छपाईंतला ‘एन्शंट रिकॉल’… नव्हे, आमची लेखणी घसरली, ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ हा मंत्र निळ्या एका मापांत हेंच फळ देत असे, आणि तो खेळांतील अत्यंत बलवान् मंत्रांपैकीं एक म्हणून प्रसिद्ध आहे. टाकलेल्या ढिगांत सात पानें असलीं कीं क्रूझ आणि रिकॉल ह्यांत मोलाचा फरक उरत नाहीं. येथें भरणा खराखुरा होता, एकदां काढलेलें पान पुनः कामीं येत नव्हतें. परंतु तें नाणेंच कचऱ्याचें होतें. स्वस्त मंत्र म्हणणाऱ्याचा ढीग आपोआप वाढतो, आणि त्याला त्या ढिगाचा दुसरा उपयोगहि नसतो. २०१५ च्या जानेवारींत ‘मॉडर्न’ व ‘लेगसी’ ह्या दोन पद्धतींत क्रूझवर बंदी आली.

ह्या सर्व अनुभवानंतर, २०१७ च्या जानेवारींत ‘ईथर रिव्होल्ट’ ह्या संचांत यंत्रांची सृष्टि पुनः आली. वस्तु अधिक तितकें मोल हलकें, ही अ‍ॅफिनिटीची मूळ कल्पना खेळाडूंना फार प्रिय होती, आणि ती मेली हें कोणासच रुचत नव्हतें. ह्या वेळीं तिला ‘इम्प्रोव्हाइज’ असें नांव मिळालें, आणि नियम असा झाला कीं वस्तु नुसती मांडलेली असून भागणार नाहीं. ती आडवी करावी, म्हणजे तिनें एक माप फेडलें. वर ज्या तीन यांत्रिक जमिनींचा हिशेब आम्हीं मांडला, त्याच ह्या नव्या नियमाखालीं घालून पाहाव्या. जमीन आडवी करून शक्ति काढली, तर ती आडवी झाली. मग इम्प्रोव्हाइजसाठीं ती पुनः आडवी करतां येत नाहीं. इम्प्रोव्हाइजसाठीं केली, तर शक्ति गेली. तीन जमिनींतून तीनच मापें निघतात, कशाहि रीतीनें मोजा. अठरा मापांचे तीन प्राणी तिसऱ्या पाळीस उभे राहण्याची सोय उरली नाहीं. आणि ह्या गुणाच्या पानांवर कोणास राग आल्याचेंहि आमच्या पाहण्यांत नाहीं. उलट, तीं जरा मिळमिळीत आहेत अशी तक्रार करणारे खेळाडू भेटतात. सवयीची गोडी अशी असते.

२०२१ च्या जूनमध्यें ‘मॉडर्न होरायझन्स २’ ह्या संचांत मूळ अ‍ॅफिनिटी पुनः आली, आणि तिच्याबरोबर प्रत्येकीं दोन रंगांच्या दहा नव्या यांत्रिक जमिनीहि आल्या. जुन्या पांच जमिनी ‘मॉडर्न’ पद्धतींत ती २०११ सालीं सुरू झाली त्या दिवसापासूनच बंदींत होत्या. ह्या दहांना दार उघडें होतें. त्यांवर एक लहानसें वाक्य अधिक छापलेलें आहे : ही जमीन मांडतांना आडवी मांडावी. ज्या पाळीस ती येते त्या पाळीस तिची वस्तु म्हणून गणना होते, पण तिच्यांतून माप निघत नाहीं. तें पुढच्या पाळीस निघतें.